स्क्रीनला आंघोळ घालायची नसते!

आमच्या गावात दोन गोष्टी न बोलावता साचतात. एक गुऱ्हाळांची काजळी आणि दुसरे किस्से. काजळी निदान झटकता येते. किस्सा झटकायला जावं तर आणखी दोन चिकटतात! परवा एका मित्रानं विचारलं, "तुम्ही त्या गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरवर पोरींना नेमकं काय शिकवता?"

मी म्हणाले, "आधी पुसायला."

तो हसला. हसू दे बापडा. ज्यानं हे किस्से ऐकलेले नाहीत त्याला हसायचा पूर्ण अधिकार आहे.

तर आधी मंडळी सांगते. आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो. मी, सचिन आणि गण्या शिरूरच्या कॉलेजात एकत्र होतो. सचिन आता रांजणगावला एका कंपनीत शिफ्ट करतो. गण्याचं शिरूरच्या एसटी स्टँडजवळ सलून आहे. आणि मी बीएस्सी कॉम्प्युटर झाल्यावर "मी घरी बसणार नाही" असं सगळ्या भावकीत जाहीर करून गावातच राहिलेली.

राहिले ते एका हट्टापायी. गावातल्या मुलींना टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकायला घरचे शिरूरला पाठवत नव्हते. "एवढ्या लांब एसटीनं? कशाला?" हे एकच उत्तर प्रत्येक घरात तयार होतं. मग म्हटलं, मुली शिरूरला जात नसतील तर कॉम्प्युटर गावात येतील!

आणि आले. सचिनच्या कंपनीत जुने कॉम्प्युटर काढून नवे बसवत होते. हा पठ्ठ्या सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरला. साहेब म्हणाले, "सहा सेट घेऊन जा. दसरा झाला की मी स्वतः बघायला येईन. स्क्रीन बघितली की मला कळतं, मशीन कुणाच्या हातात आहे. स्क्रीन नीट असल्या तर आमच्या कंपनीच्या गोडाऊनमधले बाकीचेही तुमचे. नसल्या तर हे सहासुद्धा परत. भंगारवाला रोज फोन करतोय."

जागा आबांनी दिली. आबा म्हणजे आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन. खताचं एक गोडाऊन रिकामं होतं, त्याची किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "मशीन हायती तवर खोली तुमची. मशीन गेली की परत खत."

म्हणजे सगळा मामला त्या सहा पडद्यांवर येऊन अडकला. आणि गाव निघालं स्वच्छताप्रिय!

*

पहिला धडा घरातच मिळाला. कॉम्प्युटर यायच्या थोडं आधीची गोष्ट. गौरी यायच्या म्हणून आईनं घर धुवायला काढलं होतं. भांडी झाली, खिडक्या झाल्या, आरसे झाले. हातात काच पुसायच्या औषधाची बाटली होतीच. टीव्ही चालू होता. आईनं चालू टीव्हीवर फुस्सऽऽ फुस्सऽऽ करून फवारा मारला आणि कागदाच्या बोळ्यानं खसाखसा पुसला. लखलखीत!

औषध ओघळून खालच्या फटीतून आत गेलं. संध्याकाळी बघतो तर टीव्हीची खालची पट्टी काळीठिक्कर. नेमकी तीच, जिच्यावर बातम्या धावतात!

मी भडकले. "आई, ती काच नसते गं! वर प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, त्याच्यावर नाजूक लेप असतो. औषधानं लेप जातो. आणि काहीही असलं तरी स्क्रीनवर फवारायचं नसतं, कापडावर घ्यायचं!"

"काचेसारखं दिसतं ते काच न्हाई, हे मला कुणी सांगितलं व्हतं?" आई म्हणाली. "तू कॉलेजात शिकलीस, मी न्हाई."

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, टीव्हीकडे बघत म्हणाले, "बरं झालं. आता बातम्या वाचाव्या लागणार न्हाईत. जेवण गोड लागंल."

*

सचिन तेव्हा मला खूप हसला होता. "अगं, आम्ही कंपनीत काय काय पुसतो! एक हात मारला की डाग गायब." आणि घरी जाऊन त्यानं टीव्हीवरचा तेलाचा डाग कंपनीत मशीनचे पार्ट पुसतात त्या थिनरनं पुसला.

डाग गायब झाला, हे खरं आहे. त्याच्याबरोबर लेपही गायब झाला! पडद्याच्या मधोमध एक पांढुरका गोल उमटला. टीव्ही बंद असला की दिसायचा नाही. चालू केला की उजळायचा.

सचिनची आई रोज संध्याकाळी मालिका बघते. त्या मालिकेतली सासू एक नंबरची कजाग. पण ती नेहमी पडद्याच्या मधोमध उभी राहून बोलते. त्यामुळे आता ती सुनेला घराबाहेर काढते तेव्हा तिच्या डोक्यामागं प्रभावळ असते!

सचिनची आई म्हणाली, "सच्या, आता मला कळंना झालंय, बाई चांगली हाय का वाईट."

*

तिसरा नंबर गण्याचा. त्याच्या सलूनमध्ये भिंतीवर टीव्ही आहे आणि मॅच असली की दाढी नसलेली पोरंसुद्धा दाढीला येऊन बसतात. एकदा ब्रशचा फेस उडाला आणि टीव्हीवर जाऊन सुकला. गण्यानं अंगठा टेकवला आणि जोर लावून घासला. मालिश करणारा अंगठा तो! फेस निघाला, पण अंगठ्याच्या जागी आतून कायमचा काळा ठिपका राहिला.

मी त्याला फोनवर झापलं. "दाबायचं नसतं रे! आत काय काय असतं. डाग निघत नसेल तर पुन्हा हलक्या हातानं पुसायचं, जोर नाही लावायचा."

गण्या म्हणाला, "झालं ते झालं. पण गिऱ्हाईक खूश हाय."

"खूश? का?"

"तो ठिपका बरोबर बाउंड्रीवर येतो. परवा एक म्हातारबा अर्धी दाढी झालेली तशीच सोडून उठले आन् ओरडले, 'अंपायर आंधळा हाय का? हे लोक बारा जण खेळवत्यात!'"

मात्र या गण्यानंच आमची पहिली लढाई जिंकून दिली, हेही सांगितलं पाहिजे. गुऱ्हाळाची काजळी चिकट असते आणि तिच्यात बारीक राख असते. थेट कापड फिरवलं की राखेचे ओरखडे उठतात. तोंडानं फुंकावं तर थुंकीचे शिंतोडे. गण्यानं मानेवरचे केस झटकायचा एक कोरा, मऊमऊ ब्रश आणून दिला. स्क्रीन बंद करायची, गार होऊ द्यायची, आधी ब्रशनं हलकेच राख खाली झटकायची, मग कोरडं कापड फिरवायचं. एक ओरखडा नाही!

आबा दारातून बघत होते. म्हणाले, "व्वा! मानसाची झाली, आता मशीनची हजामत!"

*

कापडाचा किस्सा वेगळाच. मी पुण्याहून खास मायक्रोफायबरची कापडं आणली होती. चष्म्याबरोबर मिळतं तसलं कापड, फक्त मोठं. खिळ्याला टांगली आणि मुलींना बजावलं, "हे कापड फक्त स्क्रीनसाठी. दुसऱ्या कशाला लावायचं नाही!"

मुलींनी नाही लावलं. आबांनी लावलं!

सकाळी मी आले तर एक कापड गायब. दुपारी ते परत खिळ्यावर. मी त्याच्याकडे हात नेला आणि थबकले. कापडातून वाळू गळत होती.

"आबा, तुम्ही हे कशाला वापरलंत?"

"ट्रॅक्टरला," आबा शांतपणे म्हणाले. "येवढं मऊ कापड तू त्या डबड्याला लावतीस. माझा ट्रॅक्टर काय सावत्र हाय व्हय?"

माझा पारा चढला. मला मुळात धीर नाही. आई म्हणते, मी भाकरी तव्यावर पडायच्या आत ताट घेऊन बसते. पण चेअरमनला किती बोलणार? मी शेजारची जुनी सीडी उचलली, ते कापड तिच्यावर एकदा फिरवलं आणि सीडी त्यांच्या हातात दिली. तिच्यावर ओरखड्यांचं नांगरलेलं रान उमटलं होतं.

आबांनी सीडी उन्हात धरून तिरकी करून बघितली. मग ती घेऊनच गेले.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या दारावर खडूनं लिहिलेलं होतं: "ट्रॅक्टरचे कापड बाहेर. चेअरमन." आणि बाहेर खिळ्याला त्यांचं जुनं धोतर टांगलेलं!

*

पाण्यानं तर आम्हाला रडवलं. काजळीचा चिकटा नुसत्या कोरड्या कापडानं निघेना. म्हणून कापडाचं टोक अगदी किंचित ओलं करून पुसलं. पण पाणी बोअरचं! आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की पाण्याचा हंडा आठ दिवसांत म्हातारा होतो. स्क्रीनवर पांढरे ठिपके उमटले. मुलींनी कॉम्प्युटर चालू केला तर सगळीकडे चांदणं!

क्षार नसलेलं पाणी पाहिजे. ते दौंडला मिळेल की शिरूरला, यावर मी आणि सचिन वाद घालत होतो. आबा बसल्या बसल्या म्हणाले, "तसलं पाणी माझ्या गोठ्यात हाय की. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डिस्टिल्ड वॉटर! प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या घरी पडलेलं असतं.

सचिन दचकला. "आबा, ते ॲसिड असतंय!"

"ॲसिड येगळं, पाणी येगळं," आबा कडाडले. "आन् थिनरवाल्यानं मला शिकवू न्हाई!"

कोरी, सीलबंद बाटली आणली. दोन थेंब कापडाच्या टोकावर घेतले, हलका हात फिरवला, लगेच कोरड्या टोकानं टिपून घेतलं. चांदणं मावळलं! त्या दिवशी मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि आबांनी मान अशी डोलावली, जणू पाणी त्यांनीच शोधलं होतं.

*

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि खंडेनवमी आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंत, शिवणयंत्रापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं धुवून पुसून, ओलं गंध लावून, झेंडूच्या माळा घालतात. धुतल्याशिवाय पूजा नाही, हा नियम.

मी सकाळी गोडाऊनवर पोचले तर आबा दारात. एका हातात पाण्यानं भरलेली कळशी, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचं ओलं ताट. मागं अंगणात त्यांचा ट्रॅक्टर पाइपनं न्हाऊन चकचकीत उभा.

"आबा, आत पाणी न्यायचं नाही!"

"सनाला मशीन पारोसं ठिवायचं?" आबांचा आवाज चढला. "गावातल्या समद्या यंत्रांची पूजा व्हती. ज्या मशीनवर पोरी शिकत्यात, तेवढंच बिनआंघोळीचं? ते चालायचं न्हाई. चार थेंब शिंपडतो, कपाळाला गंध लावतो, झालं."

कपाळ म्हणजे अर्थातच स्क्रीन! आणि साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते.

मी भाषण सुरू केलं. विज्ञान, वीज, ओलावा, लेप, सगळं सांगितलं. मुली एका बाजूला उभ्या राहून माझ्याकडे आणि कळशीकडे आळीपाळीनं बघत होत्या. सचिन म्हणाला, "आबा, आमच्या घरात पूजा नसती. पण कोरडं पुसायचं असंल तर मी दिवसभर पुसतो."

"तू पूस. मी पूजतो," आबा म्हणाले आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

मी दारात आडवी आले. आबा थांबले, पण चेहरा असा लाल झाला, की मला वाटलं, आता किल्ली मागतात.

तेवढ्यात आई आली. झेंडूच्या माळा घेऊन आली होती. तिनं दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "आबा, तुमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा फोटो हाय ना?"

"हाय की."

"त्याला कवा आंघोळ घालता?"

"फोटोला कसली आंघोळ? भिजून जाईल. फोटो कोरडाच पुसायचा. म्होरं सुपारी ठिवायची आन् आंघोळ तिला..."

आबा बोलता बोलता थांबले. कळशी खाली ठेवली. एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा आईकडे.

मग जी पूजा झाली, तशी कुठंच झाली नसेल! मुलींनी सहाही स्क्रीन बंद करून ब्रशनं झटकल्या, कोरड्या कापडानं पुसल्या. प्रत्येक स्क्रीनपुढं विड्याचं पान, पानावर सुपारी. आबांनी सगळ्या सुपाऱ्यांना बाहेर ताम्हणात रीतसर आंघोळ घातली, पुसून पानावर बसवलं, गंध लावलं. स्क्रीनवर पाण्याचा थेंब नाही, कुंकवाचा कण नाही, आणि एकही मशीन पारोसं नाही!

माझ्या सगळ्या भाषणांनी जो निकाल लागला नव्हता, तो सुपारीनं लावला. आई जाताना मला हळूच म्हणाली, "काच आन् पडदा मला कळत न्हाई म्हनत व्हतीस ना?"

*

आणि आता शेवटचा.

साहेब आले. पुढं त्यांची गाडी आणि मागं एक टेम्पो, वर ताडपत्री घट्ट बांधलेली. टेम्पो भरलेला की रिकामा, काही कळेना. रिकामा असेल तर आमचे सहा न्यायला आला होता. मुली आपापल्या जागी बसून टायपिंग करत होत्या, पण सगळ्यांचे डोळे दारातून त्या ताडपत्रीवर.

साहेब खोलीत फिरले. एकेका स्क्रीनपुढं वाकून, तिरक्या नजरेनं बघायला लागले. ओरखडा शोधत होते. पाचव्या स्क्रीनपर्यंत त्यांचा चेहरा कोरा. सहाव्याशी थांबले. नुकताच खिडकीतून काजळीचा एक बारीक कण येऊन पडद्यावर बसला होता.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. तोंडाजवळ नेला. "हाऽऽ" करून वाफ सोडली आणि चालू स्क्रीनकडे हात नेला.

"साहेऽऽब!" सगळ्या मुली एकदम ओरडल्या.

आणि आबांनी साहेबांचं मनगट धरलं.

सचिननं डोळे मिटले. ज्या माणसाच्या हातात आमची सगळी खोली, त्याचाच हात आबांच्या हातात!

"साहेब," आबा शांतपणे म्हणाले, "मशीन तुमची. पर खोलीत रीत आमची. आधी बंद करा. गार होऊ द्या. रुमाल खिशात ठिवा."

साहेबांनी आधी आबांकडे बघितलं, मग मनगटाकडे, मग रुमालाकडे. रुमाल खिशात गेला. स्क्रीन बंद झाली. गार होईपर्यंत चहा आला, तोही आबांनी त्यांना बाहेर अंगणात उभं राहून प्यायला लावला. मग आत नेऊन हातात आधी ब्रश दिला, मग कापड. "हां, हलक्या हातानं. दाबू नका. आमच्या गण्यानं दाबलं, त्याचा फिल्डर झाला."

कण निघाला. साहेब काळ्याभोर, स्वच्छ पडद्यात स्वतःचा चेहरा बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या घरच्या टीव्हीवर मधोमध पांढरा गोल आहे. जात नाही."

"काय लावलं व्हतं?" आबांनी विचारलं.

साहेबांनी चोरून सचिनकडे बघितलं. सचिन मात्र हसू दाबत म्हणाला, "साहेब, तुमच्याकडंबी सासूला प्रभावळ येती का?"

साहेब इतक्या जोरात हसले, की बाहेरचा टेम्पोवाला उठून आत डोकावला. साहेबांनी तिथूनच त्याला हात केला, "ताडपत्री सोड!" आणि डोळे पुसत टेबलाकडे बोट दाखवून आबांना विचारलं, "पण या सुपाऱ्या कशाच्या हो?"

आबांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ताडपत्री सुटली होती. खोक्यांवर खोकी, टेम्पो काठोकाठ भरलेला! आबांनी एकवार सगळ्या टेम्पोवर नजर फिरवली आणि माझ्यावर ओरडले,

"पोरी, बघत काय उभी ऱ्हायलीस? पळ! आईला सांग, सुपाऱ्या कमी पडतील!"